कसुतीचे टाके आणि कष्टांचा हिशेब

आजीच्या इरकली लुगड्यावरची कसुती आपल्या बेळगाव-निपाणी भागात अनेकींनी पाहिली असेल. तुळशीवृंदावन, पालखी, गोपूर, पोपट! पण ही नक्षी कापडावर आधी छापलेली नसते. उभे-आडवे धागे मोजूनच टाके घालायचे. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. दोऱ्याला गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी तर दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते.

ही कला घरबसल्या छोटा व्यवसायही होऊ शकते. मॅटीचा तुकडा, दोरे, बोथट टोकाची सुई आणि चौकटीच्या कागदावर आखलेली नक्षी एवढे एका पाकिटात घातले, की शिकणाऱ्या मुलीची सोय झाली. मात्र किंमत ठरवताना हिशेब होतो तो कापड-दोऱ्याचाच. नक्षी बसवताना मोजलेली घरे, उसवून पुन्हा घातलेले टाके, यांची मजुरी 'घरचंच तर काम' म्हणून आपणच सोडून देतो. खरे तर पाकिटातली सर्वांत मोलाची वस्तू तो आखलेला कागदच.

भगिनींनो, एक धागा चुकला की पुढची सारी नक्षी सरकते. हिशेबाचेही तसेच आहे. म्हणून पहिली रेघ ओढण्याआधी घड्याळ पाहा आणि वेळ वहीत लिहून ठेवा.