घरच्या सुताला अहिंसेचा रंग

कापडावर ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसला की ते अहिंसकही असेल, असे सहज गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात रेशमाचा सलग धागा मिळावा म्हणून कोश आतल्या जिवासह उकळत्या पाण्यात टाकले जातात. लाखेचा तांबडा आणि किरमिजी हे रंगही किड्यांपासून मिळतात. त्यामुळे सूतकताई, विणकाम आणि वनस्पतिजन्य रंगकाम हे छंद जैन कुटुंबात वेगळ्या विचाराने जोपासले जाऊ शकतात.

या परिसराला सुताची परंपरा आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा खेड्यातील घरात हाताने वा पायाने चालावा, आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे आणि किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, अशा अटी होत्या. तेव्हा औंध संस्थानात असलेल्या आणि आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या किर्लोस्करवाडीतही असा चरखा घडवला गेला. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही. नवशिक्याला आजही टकळी आणि मिटवून ठेवता येणारा पेटीचरखा हीच साधने सोयीची ठरतात. विट्याच्या यंत्रमागांशी या हातकामाची स्पर्धा नाही. लाकडी चौकटीला खिळे ठोकून उभे धागे ताणले, आडवा धागा खालीवर ओवला, की मुलांनाही हातरुमालाएवढे कापड विणता येते.

रंगाची सामग्री तर व्यापारी पेठेतच आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण हळदीचा रंग उन्हात विटतो आणि साबण लागताच तांबूस होतो. त्यापेक्षा आटपाडीकडील डाळिंबाची वाळलेली साल आणि साताऱ्याच्या डोंगरातील हिरडा अधिक भरवशाचे. दोन्हींतील तुरट द्रव्य सुताला रंग धरून ठेवण्यास मदत करते.

शंभर ग्रॅम सूत सोड्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ धुवावे. वीस ग्रॅम हिरडापुडीच्या पाण्यात काही तास भिजवून, न धुता वाळवावे. नंतर पंधरा ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यातून काढावे. शेवटी शंभर ग्रॅम सालीच्या गाळलेल्या काढ्यात मंद आचेवर तासभर ठेवले की मातकट पिवळा रंग चढतो. रंगाचे भांडे स्वयंपाकात वापरू नये.

विवेकाचा खरा प्रश्न काळ्या आणि निळ्या रंगाशी येतो. पारंपरिक काळ्या रंगासाठी लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात अनेक दिवस आंबवतात. निळीचे पारंपरिक द्रावणही आंबवूनच सिद्ध होते. आंबवणे म्हणजे असंख्य सूक्ष्म जिवांची उत्पत्ती आणि नाश. ज्यांना ते मान्य नाही, त्यांनी चिमूटभर हिराकस वापरावा. हिरड्याने भिजलेले सूत त्याच्या पाण्यात राखाडी-काळे होते. निळा रंग सोडून द्यावा लागला, तरी पिवळा, खाकी आणि राखाडी या छटा उरतातच.

चातुर्मासात सूत लवकर वाळत नाही आणि जीवोत्पत्तीही अधिक असते. म्हणून रंगकाम कार्तिकानंतरच्या कोरड्या उन्हात करावे, पाणी गाळून घ्यावे आणि लागेल तेवढेच सूत रंगवावे.