वाफेच्याही आधीचे इंजिन

इंजिन म्हटले की इंधन जाळून चालणारे यंत्र डोळ्यांसमोर येत असले, तरी वाफेच्या यंत्रांच्या कितीतरी आधीपासून हा शब्द इंग्रजीत नांदत होता आणि त्याचा मूळ संबंध लोखंडाशी नव्हे, बुद्धीशी होता. लॅटिनमध्ये ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. त्यातला ‘जेन्’ आणि संस्कृतातला ‘जन्’ हे धातू एकाच कुळातले असल्याने ‘इंजिन’ हा शब्द ‘जन्म’ या शब्दाचा दूरचा नातलग ठरतो. जुन्या फ्रेंचमधून तो १३०० च्या सुमारास इंग्रजीत रुळला, तेव्हा त्यात अक्कल, युक्ती आणि प्रसंगी लबाडीही सामावलेली होती. पुढे युक्तीने घडवलेल्या वस्तूलाच ते नाव मिळाले, मग तो पाखरांसाठी लावलेला फासा असो की किल्ल्याच्या तटावर धोंडे फेकणारे अवजड यंत्र. अशी युद्धयंत्रे बांधणारा तो इंजिनिअर. म्हणूनच अठराव्या शतकात पूल, कालवे आणि दीपगृहे बांधणारे जॉन स्मीटन स्वतःला ‘सिव्हिल’, म्हणजे लष्करी नसलेला, मुलकी इंजिनिअर म्हणवू लागले.

इंग्लंडमधील डडली येथे १७१२ मध्ये थॉमस न्यूकोमेन यांचे वाफेचे यंत्र कोळशाच्या खाणीतले पाणी उपसू लागले, तेव्हा अशा यंत्राला ‘फायर इंजिन’ म्हणत, आणि आग विझवणाऱ्या पंपाचेही नाव तेच होते. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये, कारण आपल्याकडे पोटात विस्तव घेऊन आंघोळीचे पाणी तापवणारा तोही बंब आणि आगीवर पाणी मारणारा तोही बंबच.

या शब्दाचे सर्वांत झिजलेले रूप मात्र कापसाच्या मुलखात सापडते. ‘जिन’ हा ‘इंजिन’चाच तुटलेला तुकडा असून, १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनी यांनी तयार केलेले ‘कॉटन जिन’ प्रसिद्ध झाले. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगमध्ये कापूस यंत्राच्या फिरत्या लाटांशी भिडतो, रुई ओढली जाते आणि सरकी खाली गळते. तेथे रोज उच्चारला जाणारा शब्द हाच. (मद्याचे ‘जिन’ हे नाव निराळे; ते ज्युनिपरच्या फळावरून आले.)

चार्ल्स बॅबेज यांनी १८२२ मध्ये गणिती कोष्टके बिनचूक तयार करण्यासाठी योजलेल्या दातेरी चाकांच्या यंत्राला ‘डिफरन्स इंजिन’ म्हटले ते जुन्याच अर्थाने, आणि संगणकावरच्या ‘सर्च इंजिन’मध्येही धूर नसला तरी युक्ती आहेच. शेतकऱ्याच्या बोलीने मात्र पुढच्या काळातला काटेकोर अर्थ उचलला: विहिरीवर डिझेलचे ते इंजिन, विजेवर चालणारी ती मोटर, आणि वीज गेली की मोटर बंद पडून इंजिनाची आठवण होते.