राष्ट्रपतींची सही आणि पूर्णेचे पाणी

२१ जुलै २००७ रोजी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला, तेव्हा बुलडाणा जिल्ह्यात त्याचे जे कौतुक झाले त्यामागे केवळ मराठी अभिमान नव्हता, शेजारधर्मही होता. प्रतिभाताई पाटील यांचे जन्मगाव नाडगाव हे जळगाव जिल्ह्याच्या बोदवड तालुक्यातील, म्हणजे मलकापूर-मोताळ्याच्या माणसाला उंबरठ्यावरचेच. ज्या एदलाबाद मतदारसंघाने त्यांना वारंवार विधानसभेत पाठविले, ते आजचे मुक्ताईनगर. त्याची शीव ओलांडली की मलकापूर लागते. त्यांचे सासर अमरावतीचे. १९९१ ते १९९६ या काळात त्या अमरावतीच्या खासदार होत्या. माहेर पश्चिमेला, सासर पूर्वेला आणि मध्ये अकोल्याबरोबर बुलडाणा, असा हा भूगोल. त्यात हा जिल्हा जिजाऊंच्या माहेरचा. देशाच्या सर्वोच्च पदी प्रथमच एक स्त्री बसते आणि ती आपल्या परिसरातली असते, याचे अप्रूप सिंदखेड राजाच्या जिल्ह्याला न वाटते तरच नवल.

प्रतिभाताईंना ६ लाख ३८ हजार ११६ मतमूल्य मिळाले, तर त्यांचे प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत यांना ३ लाख ३१ हजार ३०६. २५ जुलैला शपथविधी झाला. महाराष्ट्रातून या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्याच. त्याआधी १९६९ मध्ये चिंतामणराव देशमुख रिंगणात होते. पण त्या गाजलेल्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या झुंजीत ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. गिरींचा विजयही दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावरच निश्चित झाला होता.

२००७ च्या निवडणुकीतील एक प्रसंग बुलडाण्याच्या दृष्टीने विशेष लक्षणीय होता. जिल्ह्याचे तेव्हाचे खासदार आनंदराव अडसूळ शिवसेनेचे आणि शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत. आघाडीचा पाठिंबा शेखावतांना होता. शिवसेनेने मात्र मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. २०१२ मध्ये याच पक्षाने आघाडीच्या पसंतीचे पी. ए. संगमा यांना सोडून प्रणव मुखर्जींच्या मागे उभे राहणे पसंत केले. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते, म्हणून पक्षांच्या भिंती येथे किंचित ठेंगण्या होतात. राष्ट्रीय ऐक्याची भाषा राष्ट्रपतींच्या निवडणुकीनंतर हमखास ऐकू येते. परंतु ऐक्याची खरी तरतूद भाषणांपेक्षा या मतदानाच्या रचनेत अधिक आहे.

ही रचना थोडी समजून घ्यावी लागते. राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, त्याला पुन्हा एक हजाराने भागायचे, की एका आमदाराचे मतमूल्य निघते. लोकसंख्या मात्र आजची नव्हे, १९७१ ची. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन त्यापायी घटू नये, म्हणून हे आकडे गोठविण्यात आले. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ते तसेच राहायचे आहेत. त्या हिशेबाने महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७. देशातील सर्व आमदारांच्या मतांची जी बेरीज येते, ती निवडून आलेल्या खासदारांत समान वाटली की खासदाराचे मूल्य ठरते. २००७ मध्ये ते ७०८ होते, २०२२ मध्ये ७००. संसदेचे पारडे आणि सर्व राज्यांचे पारडे समतोल राहावे, हा त्यातील हेतू. बुलडाणा जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा आहेत. म्हणजे जिल्ह्याच्या आमदारांचे एकत्रित वजन १,२२५. सुमारे अकरा लाखांच्या बेरजेत हा आकडा नगण्य वाटेल, पण तो शून्य नाही. (मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर मलकापूर लोकसभेसाठी रावेर मतदारसंघात, मुक्ताईनगरच्या सोबतीला गेले, ही त्यातली आणखी एक गंमत.)

असा राष्ट्रपती निवडून आल्यावर त्याच्याकडून धोरणाची अपेक्षा कितपत ठेवायची? २००७ मध्ये हा प्रश्न पश्चिम विदर्भात पुस्तकी नव्हता. कापसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता. वर्षभरापूर्वीच, जुलै २००६ मध्ये, पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम सिंचनासाठी होती. पाठोपाठ २००८ च्या अर्थसंकल्पात देशव्यापी कर्जमाफी आली. पण संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची मर्यादा घालण्यात आली. कोरडवाहू विदर्भात पाच-सहा एकरांचा धनीही पावसाच्या भरवशावरचा गरीबच असतो, हे दिल्लीतील हिशेबात बसले नाही. परिसराची व्यथा जाणणारी व्यक्ती राष्ट्रपती भवनात असताना असे कसे घडावे, असा प्रश्न कोणास पडला असल्यास तो स्वाभाविक होता. मात्र त्याचे उत्तर राज्यघटनेत आहे.

अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे असते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे बंधन स्पष्ट शब्दांत आले. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा दिली. संसदेच्या संयुक्त बैठकीपुढे राष्ट्रपती ‘माझे सरकार’ म्हणून जे भाषण करतात, त्याचा मजकूरही मंत्रिमंडळाने संमत केलेला असतो. विधेयक परत पाठविता येते. २००६ मध्ये अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक परत पाठविले होते, आणि संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर त्यावर सही केली होती. प्रतिभाताईंनी आपल्या कारकिर्दीत कोरडवाहू शेतीचा विषय भाषणांतून सातत्याने मांडला, शेतीच्या प्रश्नावर राज्यपालांची एक समितीही नेमली. या पदाला जेवढे करता येते, तेवढे हे झाले. परंतु अशा समितीच्या शिफारशी कोणावर बंधनकारक नसतात.

मग राष्ट्रपती भवन आणि बुलडाणा यांच्यात खरा दुवा कोणता? तो राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये आहे आणि निवडणुकीच्या उत्साहात त्याची आठवण फारशी कोणाला होत नाही.

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाडा यांना संयुक्त महाराष्ट्रात न्याय्य वाट्याचा शब्द दिला. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ मराठी जिल्हे, बुलडाण्यासह, मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले, आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने या भागांसाठी विकास मंडळांची तरतूद झाली. मंडळे स्थापन करणे, विकासखर्चाचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांतील पुरेशी संधी, याबाबतची ‘विशेष जबाबदारी’ राष्ट्रपती आपल्या आदेशाने राज्यपालांकडे सोपवू शकतात, असे तिचे स्वरूप. राष्ट्रीय ऐक्य म्हणजे एका भाषेच्या माणसांनी एका राज्यात यावे एवढेच नव्हे. आलेल्याला मागच्या बाकावर बसावे लागणार नाही, याची लेखी हमीही त्यात येते. ती हमी अंमलात येण्यास मात्र जवळपास चार दशके लागली.

मधल्या काळात हिशेब झाले. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने राज्यातील विभागांचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये काढला. १९८४ मध्ये विधिमंडळाने मंडळांची मागणी करणारा ठराव केला. अखेर ९ मार्च १९९४ रोजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी आदेश काढला. महाराष्ट्राचे राज्यपालपद त्यांनी स्वतः भूषविलेले होते, म्हणजे हा विषय त्यांना परका नव्हता. १ मे १९९४ पासून विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक मंडळे अस्तित्वात आली. निर्देशांक व अनुशेष समितीने त्या वर्षीच्या १ एप्रिलला असलेला अनुशेष १४ हजार कोटींच्या घरात असल्याचे दाखविले आणि त्यात सिंचनाचा वाटा सर्वाधिक निघाला. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांच्या काळापासून निधिवाटपाचे निर्देश निघू लागले.

इतर क्षेत्रांतील अनुशेष पुढे बऱ्याच अंशी भरून निघाल्याचे कागदावर दिसले. सिंचनाचा अनुशेष मात्र चार जिल्ह्यांत ठाण मांडून बसला: अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा.

हे का घडले, ते पूर्णेच्या काठी दिसते. सातपुड्यातून येणारी ही नदी अमरावती, अकोला, बुलडाणा ओलांडून मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिचे खोरे खारपाणपट्ट्याचे. येथील भूजल इतके क्षारयुक्त, की ते दिल्यास पीक साधत नाही आणि काळी जमीन चोपण होऊन बसते. इतरत्र धरण नसेल तर विहीर खोदता येते. येथे तोही मार्ग नाही. पाणी द्यायचे तर ते नदीचे, अडवून आणि उचलूनच. त्यासाठी नांदुरा तालुक्यात जिगाव प्रकल्प हाती घेण्यात आला. बुलडाणा आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील सुमारे एक लाख हेक्टरला पाणी देण्याचा हा मनसुबा. नव्वदच्या दशकात मान्यता मिळाली तेव्हा खर्च चारशे कोटींच्या आत होता. आज तो हजारो कोटींत मोजला जातो. कारणे अनेक आहेत. बुडणाऱ्या गावांचे पुनर्वसन, भूसंपादनाचे वाढत गेलेले दर, वन खात्याच्या परवानग्या, आणि निर्देश असूनही दरवर्षी तुकड्या-तुकड्यांनी आलेला निधी. घर उठणार हे निश्चित, पण केव्हा ते अनिश्चित, अशा स्थितीत या पट्ट्यातील गावांची एक पिढी मोठी झाली. नव्या घराला विटा लावाव्यात की नाही, मुलीचे लग्न या अंगणात होईल की पुनर्वसित गावात, असे साधे निर्णयही तेथे अडून राहतात. २०१८ मध्ये केंद्राने बळीराजा जलसंजीवनी योजनेत जिगावचा समावेश केला आणि उरलेल्या खर्चाच्या चतुर्थांश भागाला केंद्रीय साह्य देऊ केले.

वैधानिक मंडळांनी चमत्कार केला, असे त्यांचे समर्थकही म्हणणार नाहीत. मंडळांकडे स्वतःचा पैसा नव्हता, अध्यक्षपदे राजकीय सोयीची ठरत गेली, आणि राज्यपालांचे निर्देश अर्थखात्याला नेहमीच जाचक वाटले. तथापि एक गोष्ट त्यांनी नक्की केली. दरवर्षी हिशेब मांडला गेला, तो विधानसभेपुढे ठेवण्याचे बंधन राहिले आणि बुलडाण्याला अजून किती मिळायचे आहे हे अधिकृत कागदावर दिसत राहिले. तक्रार आणि हिशेब यांत फरक असतो. तक्रार निवडणुकीपुरती ऐकली जाते. हिशेबाला उत्तर द्यावे लागते.

हा कागद ३० एप्रिल २०२० रोजी बंद झाला. मंडळांची मुदत राष्ट्रपतींच्या आदेशाने वेळोवेळी वाढविण्यात येत होती. त्या वर्षी, टाळेबंदीच्या दिवसांत, ती वाढली नाही. पुढच्या वर्षी विधिमंडळात या मुदतवाढीची सांगड विधान परिषदेवरील बारा राज्यपालनियुक्त सदस्यांच्या रखडलेल्या नावांशी घालण्यात आली. घटनेने दिलेली हमी राजकीय देवाणघेवाणीचे नाणे कशी होते, याचा हा नमुना. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपतिपदी निवडून आल्या होत्या, ६ लाख ७६ हजार ८०३ मतमूल्याने. त्या वेळी फुटीने दुभंगलेल्या शिवसेनेचे दोन्ही गट निदान त्या एका मतदानात एका बाजूला होते. बुलडाण्याचे खासदार प्रतापराव जाधव त्यांपैकी शिंदे गटात होते.

मुदतवाढीच्या आदेशावर सही राष्ट्रपतींची असते, पण ती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावाचून उमटत नाही. आणि केंद्रापुढे विषय जाण्यासाठी राज्याने तो धसास लावावा लागतो. म्हणजे विचारणा करावयाची ती राष्ट्रपती भवनाकडे नव्हे, तर निवडणुकीत १७५ आणि ७०० मतमूल्याचे शिक्के मारणाऱ्या आपल्याच प्रतिनिधींकडे. राष्ट्रपतिपदाची पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. त्या वेळी हे सातही आमदार आणि जिल्ह्याशी संबंधित खासदार पुन्हा मतदानाला जातील. दरम्यान पावसाळ्यात पूर्णा भरून वाहते, जिगाव ओलांडते आणि खारपाणपट्ट्यातून चांगदेवकडे निघून जाते.