रायपूर : एका दिवसात आणि तीन दिवसांत

सुट्टीला घरी जाताना आपल्यापैकी बऱ्याच जणांची गाडी रायपूरला थांबते. कोणी चहा घेतो, कोणी पाण्याची बाटली भरतो आणि गाडी सुटते. "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे रे? नुसतं जंगल ना?" हा प्रश्न मला होस्टेलमध्ये दरवर्षी विचारला जातो. माझे घर भिलाईच्या कुरुदला, रायपूरपासून साधारण ३० किलोमीटरवर. म्हणून हे उत्तर एकदाच लिहून ठेवतो.

कधी आणि कसे जाल

नागपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या अनेक गाड्या दुर्ग आणि रायपूरला थांबतात. दुर्ग, भिलाई, रायपूर या पट्ट्यात लोकलही धावतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा जावेच लागले, तर सकाळी लवकर निघा, दुपारी सावलीत थांबा आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडा. संग्रहालय, पुरखौती मुक्तांगण आणि जंगल सफारी सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार टाळा. ऑटोत बसण्याआधी भाडे ठरवून घ्या. मोठ्या माणसांना "जय जोहार" म्हणा; समोरचा नक्की हसून उत्तर देतो.

थोडा इतिहास

छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे राज्य झाले आणि रायपूर राजधानी झाली. पण या भागाचा आपल्या मराठीशी संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्कर राम यांनी रतनपूर जिंकले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून कारभार पाहिला. १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, तेव्हापासून रायपूरचे महत्त्व वाढले.

पहिला दिवस : शहर

सुरुवात जयस्तंभ चौकातून करा. सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून भुकेल्या लोकांना धान्य वाटले. इंग्रजांनी त्यांना पकडले. रायपूरच्या तुरुंगातून ते निसटले, पुन्हा लढले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना फाशी झाली. हा चौक त्यांच्या हौतात्म्याची जागा मानला जातो.

गोष्ट तिथे संपली नाही. जेमतेम सहा आठवड्यांनी, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, रायपूरच्या छावणीतील मॅगझिन लष्कर हनुमानसिंह यांनी सार्जंट मेजर सिडवेलला ठार केले. हनुमानसिंह इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. पण त्यांच्या १७ साथीदारांना २२ जानेवारीला सर्वांसमोर फाशी दिली गेली. त्यांत हवालदार गाझी खान होते, तोफखान्याचे शिपाई होते. हिंदू होते, मुसलमानही होते. १८५७ म्हटले की आपण मेरठ, झाशी, कानपूर लिहितो. उत्तरपत्रिकेत रायपूर कोणी लिहीत नाही. आपण रोज सकाळी परेड ग्राउंडवर उभे राहतो, म्हणून निदान आपल्याला तरी ही तारीख माहीत असावी असे मला वाटते.

तिथून महंत घासीदास संग्रहालयात जा. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या देणगीतून ते १८७५ मध्ये सुरू झाले. देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. सिरपूरला सापडलेल्या धातूच्या बौद्ध मूर्ती मुद्दाम शोधून पाहा. भूक लागली की त्याच आवारात 'गढकलेवा' आहे. चीला, फरा, चौसेला, ठेठरी, खुरमी असे छत्तीसगडी पदार्थ तिथे मिळतात. चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचे धिरडे. मेसच्या जेवणाची आठवण येणार नाही, याची खात्री देतो.

दुपारनंतर बूढ़ा तालाब. स्वामी विवेकानंद १८७७ मध्ये वडिलांच्या कामामुळे रायपूरला आले, तेव्हा ते १४ वर्षांचे होते, म्हणजे आपल्या नववीतल्या मुलाएवढे! रेल्वे रायपूरपर्यंत पोहोचली नव्हती, त्यामुळे प्रवासाचा मोठा भाग बैलगाडीने झाला. सुमारे दोन वर्षे ते इथे राहिले. तलावात त्यांचा बसलेला भव्य पुतळा आहे. जवळच्या शाळेला माधवराव सप्रे यांचे नाव आहे. घरची भाषा मराठी असलेल्या सप्रेंनी १९०० मध्ये पेंड्राहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले.

संध्याकाळ तेलीबांधा तलावावर घालवा. रायपूरकर त्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात. मुंबईची मुले हसतील, पण तिथला उंच तिरंगा पाहिला की हसू थांबते.

दुसरा दिवस : नवा रायपूर

शहरापासून साधारण २० किलोमीटरवर रुंद रस्त्यांची नवी राजधानी उभी राहत आहे. तिथल्या पुरखौती मुक्तांगणाचे उद्घाटन २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांनी केले. बस्तरची घरे, नाचणाऱ्यांचे पुतळे आणि भिंतींवरची चित्रे पाहायला दोन तास लागतात. २०१६ मध्ये सुरू झालेली जंगल सफारीही जवळच आहे. दोन्ही ठिकाणी उन्हात चालावे लागते. टोपी आणि पाणी सोबत ठेवा.

तिसरा दिवस : सिरपूर

महानदीच्या काठी, रायपूरहून सुमारे ८० किलोमीटर. इथले विटांचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातले आहे. राणी वासटा यांनी पती हर्षगुप्त यांच्या स्मरणार्थ ते बांधले. तेराशे वर्षे विटा टिकल्या कशा, हे पाहण्यासाठी तरी जा. जवळ बौद्ध विहारांचे अवशेषही आहेत.

वेळ एकच दिवस असेल, तर सिरपूर आणि सफारी पुढच्या वेळी ठेवा. जयस्तंभ चौक, संग्रहालय आणि बूढ़ा तालाब मात्र सोडू नका. दोन गाड्यांच्या मध्ये चार-पाच तास असले, तरी एवढे सहज होते. आणि मग कोणी विचारले, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?", तर उत्तर तुम्हीच द्या.

— कॅडेट, इयत्ता दहावी