खालची अक्कलदाढ: ठणका थांबला म्हणजे आजार गेला असं नाही

सुपा (ता. पारनेर) : एमआयडीसीत शिफ्टला जाणारा विशी-बाविशीचा मुलगा. जबड्याच्या मागच्या टोकाला ठणका लागतो, मेडिकलमधून गोळी आणतो, दोन दिवसांत बरं वाटतं. महिन्याभराने पुन्हा तेच. अनेक घरांतला हा अनुभव. या दुखण्यामागे बहुतेक वेळा खालची अक्कलदाढ असते.

ही दाढ साधारण १७ ते २५ वर्षांच्या वयात येते. तोवर जबड्यातली जागा भरलेली असते. मग ती तिरपी किंवा आडवी अडकते, कधी अर्धीच बाहेर येते. अर्ध्या दाढेवर हिरडीचं झाकण राहतं. त्याखाली अन्न अडकतं, जंतू वाढतात, हिरडी सुजते. वरची दाढ त्याच सुजेवर आपटते आणि दुखणं वाढतं. गोळीने वेदना दबते, पण झाकण आणि घाण तिथेच राहते. शेजारची चांगली दाढसुद्धा यामुळे किडते.

तोंड उघडेना, गिळताना त्रास, ताप, गालावर किंवा हनुवटीखाली सूज अशी लक्षणं दिसली तर थांबू नका. जंतुसंसर्ग गळ्यात उतरला तर श्वास अडू शकतो. अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयात जावं.

आणखी एक गोष्ट. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. तो वेगळा आणि गंभीर आजार आहे, कर्करोगाकडे नेणारा. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. दाढेचं दुखणं समजून ते अंगावर काढू नका.

दाढ काढली की नजर जाते, हा गैरसमज आहे. डोळ्याची नस वेगळी. मात्र खालच्या दाढेजवळून ओठाची नस जाते, म्हणून आधी एक्स-रे लागतो. क्वचित ओठ किंवा जीभ काही काळ बधिर राहते. सरळ आलेली, साफ राहणारी दाढ काढायची गरज नसते.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या कराव्यात. हिरडीवर गोळी दाबून ठेवू नये, तिथे भाजतं. दाढ काढल्यावर पहिला दिवस थुंकणं, तंबाखू आणि वजू करताना जोरात चूळ भरणं टाळावं. जखमेवरची रक्ताची गाठ निघाली तर दोन-तीन दिवसांनी असह्य कळा येतात. रमजानमध्ये औषधाच्या वेळा सहरी-इफ्तारला बसतात का, हे डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच.

खर्चाची चिंता असेल तर अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा लोणीच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी. पोरगं तिसऱ्यांदा गोळी मागतंय? मग अम्मी-अब्बूंनी त्याला दाताच्या डॉक्टरकडे न्यावं.