काजूची बी व तिचें तेल

बिब्बा उतला म्हणजे अंगास कसे फोड येतात, हें आपल्या नगर जिल्ह्यांतील कोणत्याहि आजीबाईंस विचारावें. काजू हा त्याच बिब्ब्याच्या कुळांतला. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत तो ब्राझीलहून आणिला, व आज कोंकणांत त्याच्या विस्तीर्ण बागा आहेत.

फाल्गुन-चैत्रांत बोंड पिकून आपोआप गळतें. तेव्हांच बी वेंचावी. हिरवी बी ओढून काढिली तर गर अपक्व निघतो. बी बोंडापासून पिळून निराळी करितात, दोन-तीन दिवस उन्हांत वाळवितात, मग कारखान्यांत वाफवून निवूं देतात. वाफेनें टरफल फोडण्यास सोपें होतें, परंतु त्यांतील दाहक तेल जात नाहीं. कातरयंत्रापुढें बसलेल्या स्त्रिया एकेक बी फोडितात. अखंड गरास भाव अधिक, तुकड्यास उणा. मोजे घातले तर बोटांस अंदाज लागत नाहीं, म्हणून पुष्कळजणी हातांस एरंडेल किंवा राख चोळूनच कामास बसतात. आमच्या मतें साऱ्या धंद्यांत कठीण काम तें हेंच.

पुढें गर सुकवून तांबूस साल काढितात व प्रत लावितात. एका पौंडास ३०० ते ३२० दाणे भरले तर ती ३२० ची प्रत. टरफलांचें तेलहि वायां जात नाहीं. रंग, वार्निश व मोटारींचे ब्रेक यांच्या कारखान्यांत तें खपतें.