पालकमंत्री

कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेस द्रुतगति महामार्ग ओलांडला कीं खाडीकडची मोकळी, खारट जमीन लागते. मिठागरें, कांदळवन आणि महानगरपालिकेची कचराभूमि हीं तेथलीं मुख्य चिन्हें. वारा त्या बाजूनें वाहूं लागला म्हणजे कचऱ्याची दुर्गंधि वस्तींत शिरते आणि रहिवाशांना रात्रीं खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मग सोसायटीच्या बैठकींत कोणीतरी हटकून सुचवितो, ‘पालकमंत्र्यांना निवेदन द्या.’ निवेदन लिहिलें जातें, सह्या होतात, कागद रवाना होतो. परंतु हा पालकमंत्री म्हणजे नेमका कोण, त्याला कोणी नेमलें आणि त्याच्या हातांत आहे तरी काय, असें विचारलें असतां चांगले शिकलेले गृहस्थहि घोटाळतात. त्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. भारताची राज्यघटना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली तरी हा शब्द तींत सांपडत नाहीं.

घटनेंत आहे तें मंत्रिमंडळ. राज्यपालानें मुख्यमंत्री नेमावा आणि त्याच्या सल्ल्यानें इतर मंत्री नेमावे, हें १६४ व्या कलमांत सांगितलें आहे. मंत्र्यांच्या संख्येला मर्यादा नव्हती. ती २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनें आली. विधानसभेच्या सभासदसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक मंत्री नसावेत, असा तो नियम. महाराष्ट्र विधानसभेचे सभासद २८८, तेव्हां मुख्यमंत्री धरून मंत्री फार तर ४३. ५ डिसेंबर २०२४ रोजीं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व दोन उपमुख्यमंत्री यांचा आणि १५ डिसेंबरला नागपुरांत आणखी ३९ जणांचा शपथविधि झाला, म्हणजे ४२ जागा भरल्या.

या मंडळींत कामाची वाटणी खात्यांनुसार होते : कोणाकडे महसूल, कोणाकडे वनें, कोणाकडे आरोग्य. पालकत्वाची वाटणी याला छेद देऊन जाते; ती जमिनीवरून होते. राज्याचे ३६ जिल्हे मंत्र्यांमध्यें वांटून दिले जातात आणि ज्याच्याकडे जो जिल्हा, तो त्याचा पालक. यासाठीं निराळी शपथ नाहीं कीं विधानसभेची संमति नाहीं. मुख्यमंत्र्यांच्या इच्छेनें सरकारी आदेश निघतो, एवढेंच. तो किती हलका असतो तें १८ जानेवारी २०२५ च्या यादीनें दाखवून दिलें. त्या यादींत गडचिरोली मुख्यमंत्र्यांनीं स्वतःकडे ठेवली. मुंबई उपनगर आशिष शेलार यांच्याकडे गेलें व मंगलप्रभात लोढा यांना सहपालकमंत्री हें नवें बिरुद मिळालें. रायगड व नाशिक या दोन जिल्ह्यांवरून मात्र मित्रपक्षांत रुसवेफुगवे झाले आणि दुसऱ्याच दिवशीं त्या दोन नेमणुकांना स्थगिति मिळाली. ज्या पदाला कायद्यानें फारसें कांहीं दिलेलें नाहीं, त्यासाठीं एवढी ओढाताण कां व्हावी?

याचें उत्तर जिल्हा नियोजन समितींत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनें अशी समिति प्रत्येक जिल्ह्यांत असावी असें ठरविलें आणि महाराष्ट्रानें १९९८ सालीं त्याचा कायदा केला. समितीचें अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे, सचिवाचें काम जिल्हाधिकाऱ्याकडे. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा कोणत्या रस्त्याला, कोणत्या शाळेला, कोणत्या झोपडवस्तीच्या नळाला जावयाचा, तें येथें ठरतें. १५ ऑगस्टचें झेंडावंदन सर्वांना दिसतें. ही बैठक कोणाला दिसत नाहीं, पण आमदारांची खरी दाटी तिच्याभोवतीं असते.

समितीचे निदान चारपंचमांश सभासद स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सभासदांतून यावयाचे असतात. मुंबई उपनगर हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजीं निराळा झाला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके. कांजूर कुर्ला तालुक्यांत येतें. सारा जिल्हा शहरी असल्यामुळें येथें जिल्हा परिषद नाहीं, म्हणून सभासद यावयाचे ते नगरसेवकांतून. परंतु ७ मार्च २०२२ रोजीं महानगरपालिकेची मुदत संपली आणि पुढें साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहरांत एकहि नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हातीं होता. या पोकळींत पालकमंत्र्याचें वजन वाढावें हें ओघानेंच आलें. जुलै २०२३ मध्यें उपनगरचे तत्कालीन पालकमंत्री लोढा यांचें कार्यालय महानगरपालिकेच्या मुख्यालयांतच उघडलें, तेव्हां विरोधी पक्षांनीं त्याला कडाडून हरकत घेतली. हरकत वाजवी होती. मंत्री राज्य सरकारचा. महापालिकेच्या इमारतींत बसून त्यानें आदेश दिले तर ते कोणत्या अधिकारानें, हा प्रश्न उरतोच.

दूर पश्चिम आफ्रिकेंत घाना देशानें हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला आहे. पूर्वीं गोल्ड कोस्ट म्हणून ओळखली जाणारी ही ब्रिटिश वसाहत ६ मार्च १९५७ रोजीं स्वतंत्र झाली. तिच्या १९९२ च्या राज्यघटनेंत मंत्रिमंडळ लहान ठेवलें आहे : राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष व १० ते १९ मंत्री. त्याखेरीज प्रत्येक प्रदेशाला एक प्रादेशिक मंत्री असतो. प्रदेश पूर्वीं दहा होते, २०१८ अखेरच्या सार्वमतानंतर सोळा झाले. हा मंत्री घटनेच्या २५६ व्या कलमानें नेमला जातो, त्याला संसदेची पूर्वसंमति लागते, आणि नेमणुकीपूर्वीं संसदेच्या समितीपुढें बसून प्रश्नांना उत्तरें द्यावीं लागतात. तो राष्ट्राध्यक्षाचा प्रदेशांतील प्रतिनिधि असून तेथील शासनयंत्रणेचा मेळ घालणें हें त्याचें लिखित कर्तव्य आहे. अर्थात् तोहि लोकांनीं निवडलेला नसतोच. तरी त्यानें काय करावयाचें तें कागदावर आहे, आणि नेमणुकीआधीं त्याची उलटतपासणी चारचौघांत होते. महाराष्ट्रांतील पालकमंत्र्याच्या बाबतींत यांपैकीं कांहींच होत नाहीं.

कांजूरच्या वांट्याला याचा अनुभव चांगलाच आला. ऑक्टोबर २०२० मध्यें मेट्रो ३ ची कारशेड आरेतून कांजूरला नेण्याचें ठरलें व उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनीं १०२ एकर जमीन दिली. ती जमीन मिठागराची म्हणून आपली, असा केंद्र सरकारनें दावा केला आणि १६ डिसेंबर २०२० रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या हस्तांतरास स्थगिति दिली. पालकमंत्री तेव्हां आदित्य ठाकरे होते, आणि पर्यावरण खातेंहि त्यांच्याकडेच होतें. तरी वाद लढला गेला तो दोन सरकारांमध्यें, न्यायालयांत. २०२२ सालीं सरकार बदललें व कारशेड परत आरेला गेली. कचराभूमीचेंहि तसेंच. २ मे २०२५ रोजीं उच्च न्यायालयानें तेथील ११९.९१ हेक्टर जमीन संरक्षित वन ठरविली; त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयाला स्थगिति दिली. या सर्व घडामोडींत पालकमंत्री या नात्यानें कोणाला कांहीं ठरवितां आलें नाहीं.

म्हणून पालकमंत्र्याला निवेदन देणें व्यर्थ, असें मात्र नव्हे. तो एका टेबलाभोवतीं जिल्हाधिकारी, महापालिकेचे अधिकारी व प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक बसवूं शकतो, आणि तेवढ्यानें पुष्कळदां अडलेला कागद हालतो. पण निवेदनाच्या माथ्यावर ‘मा. पालकमंत्री’ लिहितांना खालीं महापालिका आयुक्त व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना प्रती पाठविल्याचें अवश्य नोंदवावें, आणि त्यांच्या कार्यालयांतून पोंचेचा शिक्का घ्यावा. कचऱ्यावर कारवाई करण्याचा कायदेशीर अधिकार आहे तो त्यांच्याचकडे.